सारीपाटाच्या दारातला चोर

"आमच्या सारीपाटाचं दार कोणीतरी अडवलंय. चोर हजर करा!" खडकनेरचे महाराज गरजले.

त्यांना शेजारच्या राजाशी संगणकावर सारीपाट खेळायचा होता. संगणकाला हजारो दारं असतात, जाणकार त्यांना पोर्ट म्हणतात. एका दारात एकच प्रोग्राम बसतो. पण महाराज सारीपाट उघडायला गेले की संगणक म्हणे, पोर्ट वापरात आहे.

प्रधानजी म्हणाले, एकेक दार ठोठावून बघू. तोवर आम्ही म्हातारे होऊ, असं म्हणून महाराजांनी त्यांना गप्प केलं आणि संगणक सांभाळणाऱ्या धुरपदाला फर्मावलं: दिवेलागणीच्या आत चोर सापडला तर त्याची गाढवावरून धिंड, नाही सापडला तर तुझी. गाढव अंगणात आणून बांधलंसुद्धा.

धुरपदा चौथी शिकलेली. संगणकाला न भिणारं दरबारात दुसरं कोणी नव्हतं म्हणून नोकरी मिळाली, अक्कल बघून नव्हे, असं ती स्वतःच सांगायची. ठोठावत कोण बसतंय! तिने संगणकालाच विचारलं, बाबा, कुठल्या दारात कोण बसलंय? त्याने घडाघडा सांगितलं. उत्तर वाचून तिने गाढवाकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं.

"चोर दाखवते सरकार, पण आधी माझी फजिती ऐका. काल बसमध्ये जागा धरायला खिडकीतून पिशवी टाकली. धक्के खात आत चढले, तर सीटवर कुणाची तरी पिशवी! कुठल्या मेल्याने जागा अडवली म्हणून अख्ख्या गाडीशी भांडले. शेवटी पिशवीतून माझीच मेथी डोकावली."

महाराज पोट धरून हसले.

"अशा बाईची धिंड काढावी का, सरकार?"

"छे! स्वतःच्याच पिशवीशी भांडणाऱ्याला आणखी शिक्षा कसली? हसून सोडून द्यावं."

"हा हुकूम समजू?"

"समज."

धुरपदाने पडद्यावर पसरलेले महाराजांचे फोटो एकेक करून बंद केले. खाली सारीपाट मांडलेला! शेजारच्या राजाचा निरोपही होता: डाव तुमचा आहे, सकाळपासून वाट बघतोय.

"सकाळी तुम्हीच उघडलात. त्याच्यावर फोटो उघडून बघत बसलात, विसरलात, आणि पुन्हा नवा उघडायला गेलात. दारात तुमचीच पिशवी आहे, सरकार."

महाराजांनी एकदा गाढवाकडे पाहिलं, आणि असे हसले की पगडी घरंगळली. धुरपदाला बसमधली खिडकीजवळची जागा कायमची मिळाली. वर महाराज म्हणाले, हिला लांबून ओळखू येईल अशी एक लालभडक पिशवी द्या.

"दोन आणा," धुरपदा म्हणाली. "एक सरकारांना लागेल."