माडीवरची सैल फळी

एका बंदराच्या गावात धाकूशेट नावाचा खोबऱ्याचा व्यापारी राहत होता. माणूस मनाने चांगला. फक्त आपला बाप सुतार होता, हे तो कुणी विचारल्याशिवाय सांगत नसे. आणि कुणी विचारलंच, तर चटकन खोबऱ्याच्या भावावर येई.

राहतं घर बापानेच बांधलेलं होतं. त्याचं नाव विसोबा. धाकूशेट परमुलखात व्यापार शिकत होता, तेव्हा विसोबाने माडीवर सागवानी फळ्यांची जमीन घातली. मुलगा श्रीमंत होऊन परतला, तो भलामोठा तांबडा गालिचा घेऊनच. गालिचा माडीभर पसरला आणि खालचं लाकूड दिसेनासं झालं. पुढे दोन वर्षांत विसोबा वारला.

अशी वीस वर्षं गेली. धाकूशेटच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही मोठे जमीनदार, ते माडीवरच उतरणार होते. गालिच्याची तर कसर लागून चाळण झाली होती. म्हणून शहरातून नवा गालिचा आला आणि गड्यांनी जुना उचलला.

धूळ झाडून गड्यांनी ओलं फडकं फिरवलं, आणि धाकूशेट दारातच थबकला. मधाच्या रंगाची ती जमीन लखलखत होती. फळीला फळी अशी भिडलेली की मध्ये नख शिरू नये. त्याने जोडे काढले आणि तो हळूहळू चालू लागला. खिडकीपाशी मात्र एक फळी पायाखाली खडखडली. तिला एकही मेख नव्हती.

बाबांच्या हातून अशी चूक व्हावी, याचं त्याला नवल वाटलं. त्याने रावजी मेस्त्रींना बोलावणं धाडलं. विसोबाच्या जोडीने काम केलेलं तेवढं एकच म्हातारं माणूस गावात उरलं होतं.

रावजी मेस्त्री खाली बसले. फळीवरून हात फिरवत म्हणाले, "चूक कसली रे! आम्हा सुतारांच्या घरात शेवटची फळी बाप एकटा बसवत नाही. त्याने तिच्यावर उभं राहून ती दाबून धरायची आणि मुलाने मेखा ठोकायच्या. मग घर मुलाचं झालं म्हणायचं. ही तुझ्यासाठी ठेवली होती त्याने."

धाकूशेटला तो दिवस आठवला. गडी गालिच्याची गुंडाळी वर चढवत होते आणि बाबा हातोडी घेऊन जिन्यात उभे होते. "बाळ, गालिचा मग टाक. आधी जरा वर ये," ते म्हणाले होते. "आत्ता वेळ नाही हो, बाबा," असं म्हणून हा गड्यांना हाका मारायला निघून गेला होता. त्यानंतर बाबांनी तो विषय कधीच काढला नाही.

"मेस्त्री, हातोडी द्या. आत्ता ठोकतो," धाकूशेट म्हणाला.

"ठोक की," म्हणत मेस्त्रींनी हातोडी त्याच्या हातात दिली. "पण वर उभं कोण राहणार?"

धाकूशेटने हातातली हातोडी खाली ठेवली. त्या फळीवर बाबांचे भेगाळलेले पाय एकदा, फक्त एकदा दिसावेत, असं त्याला इतकं वाटलं की तो लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, व्याही उद्या येतील. गालिचा अंथरायचा ना? नाहीतर पाहुण्यांच्या पायाखाली फळी वाजायची."

"वाजू दे. गालिचा ओटीवर टाका," धाकूशेट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्याही माडीवर आले. जमीन बघून खूश झाले. फिरत फिरत खिडकीपाशी गेले, तशी फळी खडखडली. ते हसून म्हणाले, "शेट, एवढी एक ठोकायची राहिली वाटतं!"

साऱ्या पाहुण्यांसमोर धाकूशेट म्हणाला, "माझे वडील सुतार होते. ही सगळी जमीन त्यांच्या हातची. तेवढी फळी त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. मला यायला उशीर झाला."

व्याह्यांनी फळीवरचा पाय काढून घेतला.

तात्पर्य: आईबापांनी आपल्यासाठी राखलेलं काम त्यांच्या डोळ्यांदेखत करावं; मागाहून कितीही हळहळलं, तरी त्यांची जागा भरायला कुणी येत नाही.