शिमोनबाबांनी शेंगा फोडल्या

प्रियजनहो, केळगावात तेव्हा वीज आली नव्हती. उपासनेला बोलवायला घंटेऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि त्याचा टणत्कार पार ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जाई. मंडळी पटकुरं अंथरून बसत, टाळ-मृदंगावर प्रभूची भजनं रंगत. त्या सुखाच्या काळात शिमोनबाबा आपल्या गावी येऊन राहिले होते. अंगात खादीची बंडी, खांद्यावर घोंगडी आणि मुखात येशूचं नाव. बाबांच्या नुसत्या सहवासानं माणसाचा जीव निवे.

गावात सगुणाबाई नावाची विधवा होती. ऊसतोडीला गेली असताना फडावरच्या कोपीला, पाचटाच्या झोपडीला, आग लागली आणि तिचा एकुलता दानू त्यात गेला. त्या दिवसापासून बाईची वाचाच बसली. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. उपासनेला येई, पण भजन सुरू झालं की उठून बाहेर जाई.

मंडळीचे पंच गमलीएल मास्तर मोठे व्यासंगी, पण तितकेच ताठ. एका रविवारी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ही देवावर रुसून बसली आहे! विश्वास असता तर मुकाट्यानं त्याची इच्छा मानली असती आणि तोंड उघडून त्याची स्तुती केली असती."

सगुणाबाईनं मान खाली घातली. दुसऱ्या रविवारी ती आलीच नाही.

बाबांना हे कळलं तेव्हा ते तिच्या झोपडीकडे गेले. ती दारातल्या लिंबाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बाबा समोर बसले आणि तेही शेंगा फोडू लागले. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. रोज दुपारी हाच क्रम.

मास्तर एकदा वाटेत थांबून हसले. "बाबा, ना प्रार्थना, ना वचन! शेंगा फोडून कुणाला वाचा आली आहे काय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, उन्हात पोळलेल्याला आधी सावलीत घ्यावं. मित्राच्या कबरीपाशी आपले प्रभू स्वतः रडले होते. मग मी हिला कोणत्या तोंडानं शिकवू?"

"मग बसा असेच," असं म्हणून मास्तर निघून गेले.

आणि काय सांगावं! त्याच वर्षी मास्तरांचा तरणाताठा मुलगा प्रभाकर धरणात बुडाला. दफनविधीत मास्तर ताठ उभे होते. कुणी जवळ गेलं की म्हणत, "देवाची इच्छा." पण घरी परतले ते थेट प्रभाकरच्या खाटेवर बसले, ते उठेनातच. अन्न नाही, पाणी नाही. नजर भिंतीवर. लोक येत, वचनं सांगत आणि निघून जात. ती सारी मास्तरांनीच इतरांना वर्षानुवर्षं सांगितलेली वचनं होती.

अखेर त्यांची पत्नी रत्नमालाबाई धावत लिंबाखाली आली. "बाबा, चला हो! माणूस हातचा जाईल माझा!"

बाबांनी तिथेच गुडघे टेकले. "प्रभो, माझ्यापाशी शब्द नाहीत. तूच चल." डोळे उघडून बघतात तो सगुणाबाई पदर सावरून उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिचं पाऊल पुढे आणि बाबा तिच्या मागे.

तिला पाहताच मास्तरांनी तोंड फिरवलं. ती खाटेपाशी जमिनीवर बसली. मग तिचे ओठ हलले. घशातून घोगरा, गंजलेला आवाज आला.

"मास्तर... माझा दानू गेला, तवा मलाबी रडाया आलं न्हाई. लई जड व्हतं हो."

धन्य तो प्रभू! मुकीला वाचा फुटली! रत्नमालाबाईंनी तोंडावर हात धरला.

"तुमी रडा," सगुणाबाई म्हणाली. "देव रागवत न्हाई." आणि हे म्हणता म्हणता तिचेच डोळे भरून वाहू लागले.

मास्तरांच्या छातीतून हुंदका फुटला. "प्रभाकर! माझ्या बाळा!" असा टाहो फोडून तो ताठ माणूस लहान मुलासारखा रडला. मग खाटेवरून उतरून बाबांच्या पायांकडे वाकला.

बाबा मागे सरले. "इथं नाही, मास्तर. प्रभू आज हिच्या मुखानं बोलले."

मास्तर वळले आणि सगुणाबाईपुढे त्यांनी डोकं टेकलं. "बाई, मी तुला फार टोचून बोललो. मला क्षमा कर."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ते जाऊ द्या. मला तुमच्या प्रभाकरचं सांगा. ल्हानपणी कसा व्हता?"

आणि तसंच, डोकं टेकलेलं असतानाच, मास्तर सांगू लागले.