वीस हातोड्यांत एक हाक

"हिने हाक मारली असती, तर मला ऐकू आली नसती का?"

विश्राम तांबट पायाची पट्टी दाखवत विचारत होता. आठवड्यापूर्वी त्याच्या कारखान्यात, हातोडे चालू असताना, भट्टीवरचा तापलेला हंडा त्याच्या पायावर घसरला. बायको, द्वारका, चार हातांवर होती आणि मुकाट बघत राहिली, असं त्याचं म्हणणं. आज तिला कायमची माहेरी सोडायची. तेवढं गुरूंच्या, आप्पांच्या, कानावर घालावं म्हणून तो आला होता. द्वारका गाठोडं घेऊन दाराशी उभी होती.

हातोडा धरायला त्याला आप्पांनीच शिकवलं, तीस वर्षांपूर्वी.

"कान बरे आहेत ना तुझे?"

विश्राम हसला. "तुमच्या शिष्यांत असा कान दुसरा दाखवा."

जेवणाची सुट्टी होती, आप्पांचा कारखाना शांत होता. त्यांनी दोन घागरींना टिचकी मारली.

"दुसरीला चीर आहे. बुडाशी."

चीर होतीच. स्वारी खुलली.

सुट्टी संपली. वीस हातोडे तांब्यावर पडू लागले. आप्पांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे उभ्या द्वारकेला खूण केली, मार हाक.

विश्राम बसून राहिला...

एकाएकी सगळे हातोडे थांबले. कुणीच थांबा म्हटलं नव्हतं. कारागीर तोंडं उघडी टाकून त्याच्या पाठीमागे बघत होते.

"काय झालं रे?"



"वहिनींनी..." एकजण चाचरला. "तुमचं नाव घेतलं. तीनदा."

विश्राम गर्रकन वळला. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या आळीत कुठलीच बायको नवऱ्याचं नाव घेत नसे.

"काहीतरी आलं होतं कानावर... पण हातोड्यांत कालवून गेलं. आप्पा, पूर्वी वीस हातोड्यांतून मी तुमचा एक ओळखायचो!"

"गोंगाटात तुझा कान अर्धंमुर्धंच आणून टाकायला लागला. डोक्याने त्यातून निवडायचं काय?"

द्वारका अगदी हळू बोलली. "त्या दिवशीही नावानेच हाक मारली होती."

त्या शांततेत त्याला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

"आप्पा... आता मी काय करू?"

"गाठोडं तू उचल. आणि बाजारातून जाताना तिच्या पुढे चालू नकोस."