सावली दगडाला लागेपर्यंत

“मी चाखलेलं पाणी माझी मुलगी पीत नाही. तिला कसं समजावू?”

निरंजनने हे विचारलं तेव्हा फकीर विहिरीच्या कट्ट्यावर बसून तुटकी चप्पल शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

“चाखतोस कसं?”

“सगळे चाखतात तसं.”

त्या मुलखातून कारखाने गेले, मालक गेले, त्यांनी पाण्यात सोडलेलं विष तेवढं राहिलं. मालक आता कुठल्याशा डोंगरावर गाळलेलं पाणी पितात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. खाली राहिलेल्यांनी आपली रीत पाडली आहे. नवी विहीर लागली की घरातल्या मोठ्याने आधी प्यायचं आणि सावली हातभर सरकेपर्यंत बसून राहायचं. तो बसलेलाच राहिला, तर मुलांनी प्यायचं.

मुलगी, ओवी, वाळलेल्या कडुनिंबाखाली उभी होती. सात-आठ वर्षांची. ओठ फुटलेले. कालपासून तिने पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

फकिराने तिला विचारलं, “काय गं, बापाचं ऐकत नाहीस?”

“ऐकते.”

“मग पाणी का नाही पीत?”

“पप्पा पितात तेव्हा त्यांचा गळा हलत नाही.”

फकिराचा हात थांबला.

...

“लहान आहे,” निरंजन म्हणाला. “काहीही बोलते.”

फकिराने चप्पल कट्ट्यावर ठेवली.

“मला घोट घ्यायची गरज नाही, बाबा. या अख्ख्या जिल्ह्याचं पाणी मी पास करत होतो. माझ्या सहीशिवाय नळाला पाणी सुटत नव्हतं. रंग बघितला, वास घेतला की मला कळतं. गिळून बघणं हे अडाण्यांचं काम.”

“हिची आई कुठे आहे?”

“गेली.”

“कशाने?”

“पाण्याने.”

“ते कुणी पास केलं होतं?”

...

“मी,” निरंजन म्हणाला. “वास घेतला आणि म्हटलं, चांगलं आहे. ती हसली. म्हणाली, साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं. आणि प्यायली. सावली वीतभरही सरकली नव्हती.”

“तेव्हापासून तू गिळत नाहीस.”

“मी मेलो तर हिला कोण आहे? तुम्हीच सांगा. या रस्त्यावर एकट्या पोरीचं काय होतं, तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे. आणि ती मेली तर... तू आहेस.”

निरंजन उठला. “शहाणपणाचं काही ऐकायला आलो होतो. टोमणे रस्त्यातही मिळतात.”

“शहाणपण असतं तर इथे चप्पल शिवत बसलो असतो का मी? थांब.”

फकिराने विहिरीत बादली सोडली. ओढून घेतली. जर्मनचा पेला बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

“पी. आणि कडुनिंबाची सावली त्या समोरच्या दगडाला लागेपर्यंत बस.”

निरंजनने सवयीने पेला नाकाजवळ नेला. मग खाली घेतला.

“तुम्ही हेच पिता ना?”

“नाही. पावसाचं साठवलेलं पीत होतो. येईल त्यालाही तेच देत होतो, या विहिरीला कुणाला हात लावू दिला नाही. काल रांजण संपला.”

“म्हणजे हे पाणी...”

“माहीत नाही.”

“पुढे कुठे आहे पाणी?”

“आहे. हिचे पाय तिथवर पोचणार नाहीत.”

निरंजनने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. गळ्याकडे बघत होती.

त्याने पेला ओठांना लावला.

गळा हलला. पुन्हा एकदा हलला.

ओवी पुढे आली, त्याच्या हातातून पेला घेतला आणि सावलीकडे न बघता पिऊ लागली.

“थांब. ओवी, थांब... आधी बसायचं असतं...”

“तुम्ही प्यायलात ना,” ती म्हणाली आणि मनगटाने ओठ पुसले.

...

निरंजन फकिराकडे वळला. “तुमच्या हाताशी उभी होती ती. अडवलं का नाही तिला?”

फकिराने मुलीच्या हातातला पेला घेतला. तळाशी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पेला पालथा घातला. मग कट्ट्यावरची चप्पल बाजूला सारून दोघांना जागा केली.

“बसा,” तो म्हणाला. “सावली अजून दगडाला लागायची आहे.”