शून्यावरचा काटा

एकदा एका वृद्ध कारागिराकडे एक तरुण विद्या शिकू लागला. विद्या होती गिटारचे जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करण्याची. तरुणाच्या जिवाला मात्र स्वस्थता म्हणून नव्हती. ऑसिलोस्कोप घेऊ, सिग्नल जनरेटर घेऊ, की तपासणीची ही दोन्ही मोठी यंत्रं घेऊ, या घोळात हातातलं काम अर्धवट राही. गुरूंनी त्याला वीज मोजायचा काट्याचा एक जुना मल्टिमीटर दिला होता. तो वापरायची त्याला मनातून लाजच वाटे.

एका दुपारी एक गिटारवादक बंद पडलेला अँप्लिफायर घेऊन आला. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता, त्यामुळे तो दारातच येरझारा घालू लागला. शिष्य आणखी कासावीस झाला. त्याने प्लग काढून पेटी उघडली. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर जीवघेणी वीज धरून ठेवतात, एवढं तो शिकला होता. म्हणून त्याने घाईघाईने कपॅसिटरला मीटर लावला. काटा शून्यावर होता. तो हात आत घालणार, इतक्यात गुरू म्हणाले, “थांब. मोजायची रेंज कमी कर आणि मीटर या सेलला लाव.” त्यांनी विजेरीतला नवा सेल पुढे केला.

“गुरुजी, माणूस खोळंबलाय. सेल कशाला मोजायचा?”

“लाव तर खरं.”

शिष्याने चरफडत लावला. काटा जागचा हलला नाही. मीटरची वायरच आतून तुटलेली होती.

गुरूंनी वायर बदलली, सेलवर काटा हललेला पाहिला आणि रेंज वाढवून मीटर कपॅसिटरला लावला. काटा झपकन पार पलीकडे गेला. आत वीज अजून होतीच; शिष्याने हात मागे ओढला.

“मीटर शून्य सांगत नव्हता, तो मुका झाला होता,” गुरू म्हणाले. “तुला घाई होती, म्हणून त्याचं मौन तुला होकार वाटलं. मोठं यंत्रही एखाद्या दिवशी मुकं होईल, आणि तसं सांगणार नाही. कोणतं उपकरण घेऊ, असं सारखं विचारतोस ना? ज्याची परीक्षा घ्यायला तू कंटाळणार नाहीस, ते घे.”

मग त्यांनी रेझिस्टर लावून साठलेली वीज उतरवली. शिष्याने मीटर लावला. काटा शून्यावर आला.

“झालं का हो?” दारातून आवाज आला.

गुरूंनीही होकारार्थी मान हलवली. आता हात घालायला हरकत नव्हती.

“अजून थोडं थांबा,” शिष्य म्हणाला. त्याने रेंज कमी केली आणि मीटर पुन्हा सेलला लावला.