ओंडक्याची सुट्टी

त्या तळ्याचा राखणदार कोण, हे वजनावर ठरत असे. काठावरच्या एका खडकावर लांब ओंडका आडवा टाकलेला होता. वर्षातून एकदा, हिवाळा सरता सरता, राखणदार होऊ पाहणारे दोन पक्षी त्याच्या दोन टोकांशी उभे राहत आणि बाकीच्यांनी हव्या त्या टोकावर जाऊन बसायचं. सूर्य टेकडीला टेकला की जे टोक खाली, तिथला पक्षी राखणदार. फार पूर्वी हे तळं गरुडाचं होतं. चोच बुडवायलाही त्याची परवानगी लागे. त्याच्याशी झुंजून पूर्वजांनी हा ओंडका मिळवला होता. तेव्हा कित्येक दिवस पाण्यावर पिसं तरंगत होती म्हणे.

ओंडक्याच्या दिवशी कुणी काम करायचं नाही, असा नियमही त्यांनीच घालून दिला. सगळ्यांना येऊन बसायला सवड मिळावी, एवढाच हेतू. पुढच्या पिढ्यांनी सुट्टी तेवढी लक्षात ठेवली. नेमकी त्याच दिवसांत माळापलीकडची ज्वारी हुरड्यावर येई. मग काय, सकाळी थवेच्या थवे तिकडे. पाणकावळे मात्र न चुकता येत, अंग पसरून बसत. राखणदार त्यांचाच होई आणि चांगले मासे कुठे, हे आधी त्यांनाच कळे.

यंदा त्यांच्या राखणदाराने जाहीर केलं, “सांडवा बुजवू. पाणी वाढेल, मासे वाढतील, तळ्याचं नाव होईल!”

टिटवीने ते ऐकलं आणि ती धावत अंड्यांपाशी गेली. तिची अंडी काठावरच्या खड्यांत होती, पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. उचलून नेता येत नाहीत ती. सांडवा बुजला की पहिल्यांदा तीच बुडणार.

“मी अंड्यांवर बसतो, तू जा,” ओंडक्याच्या दिवशी तिचा नवरा म्हणाला. “ओरडणं तुला जमतं.”

ओंडक्याचं एक टोक पाणकावळ्यांखाली चिखलात रुतलं होतं. हवेत उचललेल्या दुसऱ्या टोकाशी पाणकोंबडी उभी होती. ‘सांडवा आहे तसाच राहू द्या,’ एवढंच तिचं म्हणणं. तिच्या बाजूला दोन म्हातारी बदकं पेंगत होती. टिटवी तिथे टेकली, टोक जराही खाली गेलं नाही, आणि ती तशीच शेताकडे उडाली.

शेतात नुसती धमाल चालली होती. मुनिया कणसाकणसावर लोंबकळत होत्या.

“या आत्या, या! दाणा बघा कसा दुधाचा आहे!”

“दाणा घाला चुलीत!” टिटवी कडाडली. “तिकडे ओंडका लागलाय आणि तुम्ही इथे ढेकर देताय? पाणी तुमच्या लव्हाळ्यात शिरणार आहे. घरटी कुठे बांधाल?”

“लव्हाळ्यातच की. ते कुठे जातंय? असतंच ते.”

“आणि आमचं वजन ते काय, आत्या?” दुसरी म्हणाली. “माझ्यापेक्षा वाळलं पान जड.”

बांधावर बसलेल्या साळुंकीने गळा साफ केला. “मुळात ओंडकाच कललेला आहे. त्यावर बसणं म्हणजे त्या कलण्याला मान्यता देणं. मी तत्त्व म्हणून जात नाही.”

“तत्त्व चोचीला लागलंय तुझ्या, पूस ते!” टिटवी म्हणाली. साळुंकीने घाईघाईने चोच पंखाला पुसली.

मुनिया खिदळल्या आणि सगळ्या मिळून एका टपोऱ्या कणसावर तुटून पडल्या. बोटाएवढं जाड ते ज्वारीचं ताट करकरलं, वाकलं, आणि सगळ्या जणी ढेकळांत लोळल्या.

“कोण जाड झालंय गं?”

“मी नाही!”

“मी तर शेवटी बसले!”

“तूच! शेवटी बसलीस म्हणून तर मोडलं!”

टिटवी मोडलेल्या ताटाजवळ उतरली. “भांडू नका,” ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली. “वाळलेली पानं ना तुम्ही? मग हे वाऱ्याने मोडलं असेल.”

सगळ्यांनी वळून त्या ताटाकडे पाहिलं. मग एकीला हसू फुटलं. “अगं, त्या जाड्या पाणकावळ्यांना आपण झोका देऊ शकतो!”

“झोका! झोका!” शेतभर गलका झाला.

हा खेळ नव्हे, असं टिटवीच्या अगदी चोचीवर आलं होतं. तिने ते गिळलं.

सारं आभाळ भरून थवा निघाला. मुनिया, चिमण्या, बुलबुल. आणि मागून, कुणी बघत नाही ना हे बघत, साळुंकी. पाणकोंबडीच्या टोकावर बसायला जागा उरली नाही, तेव्हा ते एकमेकांच्या पाठीवर बसले. ओंडका हलला नाही. सूर्य टेकडीवर हातभर उरला होता. पाणकावळे पंख वाळवत हसत होते. “बसा, बसा, उन्हात तेवढीच सावली!”

टिटवीला काही कळेना. वजन तर केव्हाच पुरलं होतं. मग अडलं कुठे?

“उड्या मारा!” ती ओरडली, गळा फाटेपर्यंत. “सगळ्या एकदम!”

मुनियांना तेवढंच हवं होतं. एक उडी. पाणकावळ्यांच्या पायाखाली काहीतरी तटकन वाजलं. दुसरी उडी. चिखलाने मचकन आवाज केला आणि ते जड टोक पाणकावळ्यांसकट वर निघालं. ते धडपडले, घसरले, धपाधप पाण्यात पडले. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा पाणकोंबडी खाली होती, आणि सांडव्यावरून पाणी नेहमीसारखं खळाळत होतं. तिकडे खड्यांत टिटवीचा नवरा उभा राहून पंख फडफडवत होता.

टिटवीचं लक्ष मात्र वर उचललेल्या टोकाकडे होतं. इतकी वर्षं न हललेल्या त्या लाकडाला खालून मुळं फुटली होती. पांढरी, कोवळी, दोऱ्यासारखी. काही तुटून लोंबत होती, काही अजून चिखल धरून ताणलेली होती. मुनिया दुसऱ्या टोकावर खिदळत नाचत होत्या, आणि त्यांच्या प्रत्येक उडीसरशी त्यांतलं एकेक तुटत होतं.