तीन खेपांचे देणे

शके अठराशे सात, भाद्रपदाचा वद्य पक्ष. त्या पंधरवड्यात एका नदीने आपले पात्र बदलले.

तोवर खोल पाणी थोरल्या पेठेच्या पायाशी होते. दगडी घाट, घाटावर वखारी, वखारींवर निशाणे. समुद्राकडून येणारे शिडांचे मोठे पडाव पेठेलाच लागत. समोरच्या काठावर रेतवाडी, आणि तिच्या पुढ्यात पाव कोस नुसती वाळू. कचेरी पेठेत, वैद्य पेठेत, नावही पेठेची. रेतवाडीच्या माणसाने वाळूवर बसावे, पेठेचा माल आधी जाऊ द्यावा, मग आपण पलीकडे जावे, असा रिवाज होता. तो कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

पूर ओसरला तेव्हा खोल पाणी रेतवाडीच्या दारात आले होते आणि पेठेच्या घाटापुढे वाळू पसरली होती. चार वर्षांत पडाव रेतवाडीला लागले. तिथे वखारी उठल्या, कचेरी आली, सरकारी दवाखाना आला. नावेचा मक्ताही रेतवाडीकडे गेला. आता पेठेचे लोक वाळू तुडवत यायचे आणि बसायचे. कालवर सभेच्या दाराशी उभे केलेले देश आज पुढच्या खुर्चीवर बसले, असे ऐकले की आपल्याला बरे वाटते. रेतवाडीलाही तसेच बरे वाटले. त्यात गैर काही नाही.

या नावेवर एक वृद्ध तांडेल होता. जन्माने रेतवाडीचा, पण उभा जन्म पेठेची नाव चालवण्यात गेलेला. आता त्याने वल्हे शिष्याच्या हाती दिले होते. शिष्याचे नाव सटवा. तिशीचा गडी, पाच वर्षे हाताखाली. तांडेल फार शिकवीत नसे. भोवरा कुठे आहे ते बोटाने दाखवी आणि गप्प बसे.

शके अठराशे अकराच्या वैशाखात, दिवस दोन कासरे वर आला असताना, पेठेच्या बाजूच्या वाळूवर नाव भरणे चालले होते. रेतवाडीच्या एका वखारीची तिळाची पोती होती. तेवढ्यात वाळूतून एक डोली आली. पुढे छत्री घेतलेला पेठेचा थोरला शेठ, वय सत्तरीकडे झुकलेले.

"दवाखान्यात न्यायची आहे," शेठ म्हणाला. "सून अडली आहे. कालपासून."

"बसा," सटवा म्हणाला.

"ऐकलंस ना, काय म्हणालो ते?"

"ऐकलं. आधी पोती जातील. तीन खेपांची आहेत. मग तुम्ही. रिवाज तुमचाच आहे शेठ, आम्ही नुसता चालवतो."

पोती वाहणारा एक हमाल हसला. "आणि छत्री मिटवा. आमच्या आयाबायांना छत्री नव्हती."

"उताराचे पैसे दुप्पट देतो."

"पैशाला आता रेतवाडीत कमी नाही."

डोलीच्या पडद्याआडून एक हात बाहेर आला आणि त्याने दांडा घट्ट धरला. कण्हण्याचा आवाज आला. भोई खाली बघू लागले. शेठ म्हाताऱ्याकडे वळला.

"तांडेल, तू सांग याला. तू जुना माणूस."

"त्यांना काय सांगता?" सटवा म्हणाला. "बत्तीस वर्षांपूर्वी त्यांची बायको पलीकडच्या वाळूवर अशीच अडली होती. वैद्य पेठेत. तुमच्या गुळाच्या ढेपा आधी गेल्या. ऊन चढलं तर गूळ पाघळेल, असं तुम्हीच म्हणालात. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला न्यायला ती उरली नव्हती. पोरही नाही."

रेतवाडीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. शेठच्या तोंडावर मात्र आजवर कुणी बोलले नव्हते. सटवाला वाटले, आता हा मान खाली घालील.

शेठने कपाळाला आठ्या घालून थोडा विचार केला. "मला आठवत नाही," तो म्हणाला.

आणि ते खरे होते. त्याला आठवत नव्हते. सटवाच्या अंगाची लाही लाही झाली.

"डोली उचला," तांडेल भोयांना म्हणाला. "नावेत ठेवा. सटवा, पोती उतरव आणि हिला ने."

"तात्या, मी नाही नेणार. आज तुमचा दिवस आहे. उभी रेतवाडी मला हसेल."

"हसू दे. वल्हं धर."

आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. सटवाने दात खाऊन पोती वाळूवर टाकली आणि वल्हे धरले.

मध्यधारेला शेठ डोलीशेजारी बसून पेठेच्या कोरड्या घाटाकडे बघत होता. आभाराचा शब्द त्याने काढला नाही. "तुमचे दिवस आहेत," एवढेच म्हणाला. "नदीचं काय, पुन्हा फिरेल."

पलीकडे दवाखान्याच्या माणसांनी डोली उचलून नेली.

तो परतला तेव्हा तांडेल पाण्यापासून दहा पावलांवर वाळूत बसला होता. पागोटे काढून शेजारी ठेवलेले, डोके उघडे, गुडघे छातीशी. वाळू इतकी तापली होती की हमालांनी पायाला गोणपाट बांधले होते.

"तात्या, नावेत येऊन बसा."

"पोती ने."

पहिली खेप झाली. सटवाने परत येताना तांब्याभर पाणी आणले. म्हाताऱ्याने तांब्याकडे पाहिलेही नाही. हमाल कुजबुजले, म्हाताऱ्याला ऊन लागले. दुसऱ्या खेपेला दवाखान्याचा निरोप कळला तो सटवाने आणला.

"सुटली ती. दोन्ही जीव वाचले. मुलगा झाला."

म्हाताऱ्याने ऐकले. डोळे पाण्यावरून काढले नाहीत. ओठ फुटून रक्त आले होते. तिसरी खेप रिकामी होऊन परत आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मग तो उठला. दोनदा तोल गेला, पण सटवाने पुढे केलेला हात त्याने धरला नाही.

"बसायचं शेठनं," सटवा म्हणाला. "तुम्ही का बसलात? माफ केलंत त्याला?"

"नाही. त्याला माफी नाही. मी मरेपर्यंत नाही."

"मग हे कशासाठी?"

"त्या दिवशी शेठ नुसता बोलला. बोलून घाटावर सावलीला गेला. गूळ कुणी नेला? नाव कोण चालवत होतं?"

ही गोष्ट सटवाने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, शंभरदा सांगितली होती. हे मात्र त्याने कधी विचारले नव्हते.

"मी चालवत होतो," म्हातारा म्हणाला. "ती वाळूवरून माझ्याकडे बघत होती आणि मी वल्हं मारत होतो. एक खेप, दोन, तीन. वल्हं खाली ठेवलं असतं तर शेठनं काय केलं असतं? काम गेलं असतं. तेवढंच. मीही मनात म्हणत होतो, रिवाज त्यांचा आहे, आपण नुसता चालवतो. शेठचं देणं शेठपाशी. माझं माझ्यापाशी राहिलं होतं. आज वल्हं तुझ्या हातात होतं."

सटवा म्हणाला, "पण तात्या, आपण इतकी वर्षं खाली होतो. आता कुठं वर आलो."

"कसले वर आलो? पाणी सरकलं. माझा आजा सांगायचा, मोठी माणसं आधी दिल्लीकडे तोंड करून मुजरा करीत, मग पुण्याकडे करू लागली. आता साता समुद्रापलीकडे करतात. पाणी उद्या आणखी कुठं जाईल. ज्याच्या दारी जाईल तो म्हणेल, आता आमची पाळी. वाळूवर बसणारं माणूस तेवढं बदलतं. वाळू रिकामी राहत नाही."

"शेठही म्हणाला, नदी पुन्हा फिरेल."

"खरं बोलला. फिरेल. तेव्हा आज जन्मलेला तो पोर हुकूम देत असेल आणि तुझी सून वाळूवर असेल. त्या दिवशी त्यानं काय आठवावं, ते आज तू ठरवत होतास."

"त्याला आठवेल?"

"कुणास ठाऊक. त्याच्या आजाला तरी कुठं आठवतंय."

सटवा खाली बसला आणि नावेच्या कडेवर हात ठेवून राहिला. हमाल पांगले होते.

पलीकडे, बत्तीस वर्षांपूर्वी ती बसली होती त्या जागी, आता दोन पुरुष पाणी होते. म्हातारा तिकडे तोंड करून उघड्या डोक्याने उभा राहिला.

"तीन खेपा," तो म्हणाला. "फिटल्या."